धंदा घरचा, पण घर म्हणजे कोण कोण?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी या ताईंच्या सासरचा कांदा-लसूण मसाल्याचा धंदा आहे. आजेसासऱ्यांनी १९६८ मध्ये एका गाळ्यात डंक (मिरची-मसाला कांडायचं यंत्र) बसवून तो सुरू केला. १९९१ मध्ये ते गेले, मृत्युपत्र न करता. आजेसासूबाई २००४ मध्ये गेल्या, त्यांनीही काही लिहून ठेवलं नव्हतं. तेव्हापासून सासरे आणि त्यांचे धाकटे भाऊ (घरात सगळे त्यांना काका म्हणतात) मिळून धंदा बघतात. जीएसटी, अन्न परवाना, बँकेची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्जखातं), सगळं सासऱ्यांच्या एकट्याच्या नावावर. गाळ्याच्या प्रॉपर्टी कार्डावर अजूनही आजेसासरेच आहेत. ताई १७ वर्षांपूर्वी लग्न होऊन आल्या तेव्हापासून हिशेब, ऑर्डरी, पॅकिंगच्या बायका, सगळं सांभाळतात. पगार नाही; लागेल तशी गल्ल्यातून उचल. आता पॅकिंगच्या मशीनसाठी कर्ज हवंय आणि बँक म्हणते, धंद्याची रचना कागदावर दाखवा. त्यातच पुण्यात नोकरी करणाऱ्या चुलत दिरानं विचारलं, “यात आमच्या बाबांचं नक्की काय?” त्या दिवसापासून घरात बोलणं तुटक झालंय. ७४ वर्षांचे सासरे म्हणतात, “आपलं एचयूएफच आहे. घरात कागद कशाला? आपण काय परके आहोत का?” (एचयूएफ म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब.) ताईंनी कुठेतरी वाचलं की एका देशात कौटुंबिक व्यवसायांसाठी स्वतंत्र कायदा आहे. त्यांचा प्रश्न: आपल्याकडे ‘कौटुंबिक व्यवसाय’ अशी नोंदणी करता येते का? तशी झाली तर सरकारी मदतही मिळेल आणि दिरांची शंकाही मिटेल. जाता जाता एका ओळीत त्या लिहितात, “आत्यांचं लग्न १९७९ लाच झालं, त्यांचा काही प्रश्न नाही.”

ताई,

आधी सरळ उत्तर देतो. नाही, आपल्याकडे अशी नोंदणी नाही. ‘कौटुंबिक व्यवसाय’ या नावाची कायदेशीर व्याख्या कंपनी कायद्यात नाही, भागीदारी कायद्यात नाही, लघुउद्योगांच्या कायद्यातही नाही. तुम्ही वाचलंत तो देश माल्टा. भूमध्य समुद्रातल्या या छोट्या बेटानं २०१६ मध्ये कौटुंबिक व्यवसायांचा कायदा केला आणि २०१७ पासून तो लागू झाला. तिथे अशा व्यवसायांची नोंदवही आहे, त्यासाठी नेमलेला नियामक आहे, आणि नोंदलेला धंदा पुढच्या पिढीकडे सोपवताना काही सवलती मिळतात. युरोपीय आयोगाच्या तज्ज्ञगटानंही २००९ मध्ये एक व्याख्या सुचवली होती: निर्णयाचे बहुसंख्य अधिकार एका कुटुंबाच्या हातात हवेत आणि त्या कुटुंबातला निदान एक जण कारभारात अधिकृतपणे असायला हवा. ती मात्र नुसती शिफारस, बंधन कुणावर नाही.

आता असं धरून चालू की माल्टासारखं एक कार्यालय उद्या कोल्हापुरात उघडलं आणि तुम्ही अर्ज घेऊन गेलात. पहिल्याच पानावर ते विचारतील: मालक कोण? कुटुंबातल्या किमान दोघांची मालकी आहे का? कुणाची किती? ताई, तुमच्या घरात याचं उत्तर आज कुणालाच देता येणार नाही. चुलत दिरांनी विचारलं ते हेच, फक्त त्यांनी अर्ज छापला नव्हता. म्हणजे त्यांचं समाधान करायला तुम्ही ज्या नोंदणीची वाट बघताय, ती नोंदणी त्यांच्याच प्रश्नापासून सुरू झाली असती.

दुसरी गोष्ट. कायद्याला तुमचं कुटुंब दिसत नाही असं नाही. दिसतं, पण दर खिडकीवर वेगळं दिसतं. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात कुटुंब म्हणजे अर्जदार आणि त्याचा जोडीदार, बस्स. सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत अर्जदार, जोडीदार आणि मुलं; म्हणजे तिच्या लेखी काका हे वेगळं कुटुंब. कंपनी कायद्यातली ‘नातेवाइकां’ची यादी बघा: आई-वडील, नवरा-बायको, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण. सून आहे, जावई आहे, पुतण्या नाही! प्राप्तिकराची तर आणखी मजा. काकानं पुतण्याला पैसे भेट दिले तर पुतण्याला कर नाही. तेच पुतण्यानं काकाला वर्षात ५० हजारांच्या वर दिले तर काकाच्या उत्पन्नात धरले जातात, कारण काका हा पुतण्याचा नातेवाईक आहे, पण पुतण्या काकाचा नाही. हे हसण्यावारी न्यावं असं वाटतं, पण उद्या तुमच्या घरात भांडवल इकडून तिकडे फिरवायची वेळ आली की हाच नियम आडवा येतो. तुमच्यासाठी तर आणखी एक: सासऱ्यांनी सुनेला भांडवल भेट दिलं तर त्या भेटीवर कर लागत नाही, पण त्यातून येणारं उत्पन्न करापुरतं सासऱ्यांचंच धरतात. म्हणून “सुनेच्या नावावर थोडं टाकू” हा घरगुती तोडगा सीएला विचारल्याशिवाय करू नका.

आता सासऱ्यांच्या ‘आपलं एचयूएफच आहे’ या वाक्याकडे येऊ. ते आदरानं, पण तपासून घ्यायला हवं.

तुमचं छापील बिलबुक उघडा. वर जीएसटी क्रमांक आहे. सुरुवातीला २७, तो महाराष्ट्राचा आकडा. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. त्या क्रमांकातलं सहावं अक्षर, म्हणजे पॅनचं चौथं, काय आहे ते बघा. ‘एच’ असेल तर हिंदू अविभक्त कुटुंब, ‘एफ’ असेल तर भागीदारी फर्म, ‘पी’ असेल तर एक व्यक्ती. तुमच्या पत्रावरून तिथे ‘पी’ असणार याची मला जवळजवळ खात्री आहे. करखात्याच्या लेखी हा धंदा तुमच्या सासऱ्यांचा, एकट्यांचा, आणि गेली कैक वर्षं ते तसंच विवरणपत्र भरत आलेत.

पॅनवरून मालकीचा अंतिम निकाल लागत नाही, हेही खरं. पण वारसा कायद्यानं बघितलं तरी एचयूएफचा दावा अवघडच आहे. आजेसासऱ्यांनी धंदा स्वतःच्या हिमतीवर उभा केला, वडिलोपार्जित भांडवलातून नाही, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे ती स्वकष्टार्जित मिळकत. असा माणूस मृत्युपत्राशिवाय गेला तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ प्रमाणे त्याची मिळकत पहिल्या वर्गातल्या वारसांना वैयक्तिक हिस्स्यानं जाते, मुलाच्या एचयूएफला नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८६ मध्ये चंदर सेन प्रकरणात हे स्पष्ट केलंय.

पहिल्या वर्गातले वारस कोण? १९९१ साली चार: आजेसासूबाई, तुमचे सासरे, काका आणि आत्या. प्रत्येकी चौथा हिस्सा. २००४ मध्ये आजेसासूबाई गेल्यावर त्यांचा हिस्सा तिन्ही मुलांत सारखा गेला. म्हणजे ज्या गाळ्यात आज डंक चालतो, त्यातला एक तृतीयांश आत्यांचा आहे.

‘लग्न १९७९ लाच झालं’ हे वाक्य मी तीनदा वाचलं. अशी वाक्यं या सदराकडे येणाऱ्या पत्रांत फार असतात, आणि ती लिहिणाऱ्या बहुतेक वेळा बायकाच असतात. गैरसमज कुठून येतो तेही सांगतो. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रानं १९९४ मध्ये केली, आणि त्यातून आधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. पुढे २००५ ची केंद्राची दुरुस्ती आली, तिच्यात लग्नाची अट नाही. २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वडील २००५ मध्ये हयात असण्याचीही गरज नाही. लोकांच्या डोक्यात हे सगळं एकत्र होऊन ‘आधी लग्न झालेल्यांना नाही’ एवढंच उरलंय. पण आत्यांचा हक्क या दुरुस्त्यांवर उभाच नाही. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हिस्सा १९५६ पासून आहे. लग्न कधी झालं, हुंडा दिला की नाही, दर दिवाळीला साडी पाठवली की नाही, याचा तिथे संबंध नाही. आणि त्यांनी इतकी वर्षं मागितला नाही म्हणून तो आपोआप संपतही नाही.

धंद्याचं मात्र गाळ्याइतकं सोपं नाही. १९९१ मधला धंदा (डंक, माल, येणी, नाव) चौघांना मिळाला हे खरं. पण नंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत तो वाढला तो कुणाचा? धंदा कुटुंबातल्या एकाच्या नावावर असला म्हणजे तो सगळ्या कुटुंबाचा असं न्यायालय गृहीत धरत नाही, तो माणूस घरातला कर्ता असला तरी. जो म्हणतो ‘सगळ्यांचा आहे’ त्यानं ते दाखवायचं. भांडवल कुठून आलं, नफा कसा वाटला, वह्यांत काय लिहिलंय. आणि काका ‘भागीदार’ आहेत का? १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम ५ म्हणतं, भागीदारी करारातून जन्मते, नात्यातून नाही. तोंडी करारही करारच. पण तो सिद्ध करायला काकांकडे काय आहे? सकाळी सातला शटर उघडणं ताळेबंदात दिसत नाही.

आता थोडं कटू लिहितो. तुमचे सासरे ठणठणीत राहोत, शंभरी गाठोत. पण समजा ते उद्या सकाळी नसले. सीसी खातं बँक थांबवेल. त्यांच्या नावाची जीएसटी नोंदणी रद्द करून वारसाला नवी घ्यावी लागेल आणि खरेदीवर भरलेल्या कराचं जुन्या खात्यातलं शिल्लक क्रेडिट आयटीसी-०२ या फॉर्मवर नव्यात न्यावं लागेल. अन्न परवाना वारसाच्या किंवा कुटुंबातल्या कुणाच्या फायद्यासाठी ९० दिवस चालू राहतो (इथे तरी कायद्यानं कुटुंबाकडे बघितलंय), त्या मुदतीत तो बदलून घ्यायचा. हे सगळं भर उन्हाळ्यात आलं तर, ब्याडगी आणि संकेश्वरीची पोती गाळ्यात येऊन पडलेली, गावातल्या बायका डब्यात मिरच्या-मसाला घेऊन डंकासमोर बसलेल्या, आणि अडत्याला चेक देता येत नाही.

आणि कागदोपत्री धंदा जाईल कुणाकडे? सासूबाई, तुमचे मिस्टर, नणंद. तिघांना सारखा. ज्यांनी आयुष्य या डंकावर काढलं ते काका शून्य. सतरा वर्षं वही लिहिणाऱ्या तुम्ही शून्य. चुलत दिरांचा प्रश्न तुम्हाला हिस्सा मागितल्यासारखा वाटला, पण त्यांनी पाहिलं ते बहुधा हे. तुम्हाला त्यांचं तोंड बंद करायचंय. मला वाटतं या घरात त्यांचा प्रश्न सगळ्यांत जास्त तुमच्या कामाचा आहे. आपण घरच्या धंद्यात कोण, हे जसं काकांचं ठरलेलं नाही तसंच तुमचंही नाही.

सरकार तुम्हाला कुठेच मोजत नाही असं नाही. श्रमशक्तीच्या पाहणीत एक रकाना आहे, घरगुती उद्योगात बिनपगारी मदत करणारे. तिथे तुम्ही आहात. बाकी बँकेच्या, कराच्या, मालकीच्या एकाही कागदावर नाही.

मग करायचं काय? मी गाळा आणि धंदा असे दोन भाग करीन, आणि ते एकमेकांत मिसळणार नाही.

गाळ्यापासून सुरुवात. नगर भूमापन कार्यालयातून प्रॉपर्टी कार्डाचा ताजा उतारा काढा आणि वारस नोंद करून घ्या, तिघांचीही. ‘आत्यांची हक्कसोडपत्रावर सही घेऊन टाकू’ असं घरात कुणीतरी म्हणेलच. हक्क सोडणं हा आत्यांचा अधिकार आहे, बेकायदा काही नाही. पण माहेर तुटू नये म्हणून न वाचता केलेली सही आणि आपला हिस्सा केवढा, त्याची किंमत किती हे कळल्यावर केलेली सही, यात फार अंतर आहे, आणि पहिली नंतर कोर्टातही जाते. त्यांना हिस्स्याची रक्कम हप्त्यानं देता येईल. किंवा गाळा तिघांच्या नावावर ठेवून धंद्यानं त्यांना रीतसर भाडं द्यायचं, करार नोंदवून. मला हा दुसरा मार्ग जास्त आवडतो. गाळा फर्मच्या मालकीत घालायला गेलात तर मुद्रांक आणि भांडवली नफ्याचे प्रश्न उभे राहतात, शिवाय धंदा बुडाला तर गाळाही देणेकऱ्यांच्या तोंडी जातो. भाड्यानं ठेवला की आत्यांना दर महिन्याला पैसे दिसतात आणि धंदा कुणी चालवायचा या वादात गाळा ओढला जात नाही.

एक दिलासा: वारसांपैकी कुणाला आपला हिस्सा बाहेर विकायचा झाला तर उरलेल्यांना तो आधी घेण्याचा हक्क हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ मध्ये आहे, आणि त्या कलमात स्थावर मिळकतीबरोबर धंद्याचाही स्पष्ट उल्लेख आहे.

जुन्या गोष्टींचा हिशोब, म्हणजे १९९१ पासून आजपर्यंत कुणाचं किती, हा कोर्टात न्यायचा विषय नाही. तो कौटुंबिक समझोत्यात मिटवा. आपली न्यायालयं अशा समझोत्यांना मान देतात; सर्वोच्च न्यायालयाचा १९७६ चा काले प्रकरणातला निकाल त्यासाठी आजही वापरला जातो. समझोता तोंडी झाला आणि नंतर त्याचं नुसतं टिपण केलं तर नोंदणी लागत नाही, पण कागदच स्थावर मिळकतीत नवा हक्क देत असेल तर नोंदणी हवीच. तुमच्याकडे गाळा आहे, तेव्हा कंजुषी न करता नोंदवाच.

आता धंदा. माझं मत: नोंदणीकृत भागीदारी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी). प्रायव्हेट लिमिटेड सध्या नको; तिचा वर्षाचा कागदोपत्री खर्च आणि शिस्त तुमच्या उलाढालीला जड जाईल. पुढे मुंबई-पुण्यात वितरक नेमायचे झाले, बाहेरचं भांडवल घ्यायचं झालं, तेव्हा कंपनी करता येते. साध्या भागीदारीत फर्मचं कर्ज प्रत्येक भागीदाराच्या घरापर्यंत येऊ शकतं. एलएलपीत जबाबदारी मर्यादित राहते, पण दरवर्षीची विवरणपत्रं चुकवून चालत नाही, दंड रोज वाढतो. मशीनचं कर्ज मोठं असेल तर एलएलपीकडे झुका. नाहीतर भागीदारी पुरे. काहीही केलंत तरी फर्म नोंदवा. बिननोंदणीच्या फर्मला तिचे पैसे बुडवणाऱ्या हॉटेलवाल्यावर करारापोटी दावा लावता येत नाही.

भागीदार चार असावेत: सासरे, काका, तुमचे मिस्टर, तुम्ही. दोघांचीच भागीदारी केली तर एक गेला की फर्म संपते, कारण एकट्याची भागीदारी नसते. चौघांची असेल आणि ‘भागीदाराच्या मृत्यूनंतर फर्म चालू राहील’ असं करारात लिहिलं असेल तर ती टिकते. हे वाक्य विसरू नका. लिहिलेलं नसेल तर कायदा फर्म विसर्जित धरतो.

करारपत्राचे छापील नमुने मिळतात, ते घेऊन मोकळे होऊ नका. मेहनत घ्यायची ती तीन ठिकाणी. पहिलं, राबणाऱ्याचा मोबदला वेगळा आणि मालकीचा नफा वेगळा. काका आता रोज येत नसतील तर त्यांचा मोबदला कमी होईल, नफ्यातला हिस्सा नाही. तुम्ही रोज बसता, तर तुम्हाला मोबदला मिळायला हवा आणि तो बँकेतून, गल्ल्यातून नाही. (भागीदारांना दिलेला मोबदला आणि व्याज मिळून वर्षाला २० हजारांच्या वर गेलं तर १ एप्रिल २०२५ पासून १० टक्के टीडीएस कापावा लागतो, सीएला आठवण करा.) उचलीचीही मर्यादा लिहा. गल्ल्यातल्या उचलीवरून जितकी घरं फुटली तितकी हिस्स्यावरून नसतील.

दुसरं, बाहेर पडायचा रस्ता. काका किंवा त्यांचे वारस उद्या म्हणाले, आमचं द्या, तर किंमत कशी काढायची, कोण काढणार, किती वर्षांत द्यायची. हे आज, सगळे एका ताटात जेवत असताना लिहिणं सोपं. तिसरं, पुढची पिढी. चुलत दीर नोकरी सोडून परत आले तर? नणंदेच्या मुलीनं फूड टेक्नॉलॉजी केलं आणि तिला यायचं असलं तर? आडनावावर प्रवेश द्यायचा की कामावर, हे ठरवा. मी असतो तर आधी दोन वर्षं पगारावर काम, मग भागीदारी असं लिहिलं असतं. तुमचं घर वेगळं ठरवू शकतं.

नावही विसरू नका. पुड्यावर आजेसासऱ्यांच्या नावाचा जो छाप आहे तो कुणाच्याही नावावर नोंदलेला नाही. उद्या वाटण्या झाल्या तर दोन्ही भाऊ त्याच नावानं शेजारी-शेजारी मसाला विकतील, आणि हे तुम्ही बाजारात पाहिलं असेलच, एकावर ‘मूळ’ आणि दुसऱ्यावर ‘अस्सल’. व्यापारचिन्ह फर्मच्या नावावर नोंदवा. लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क मालाच्या एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे.

या सगळ्याबरोबर सासरे आणि काका दोघांनीही आपापलं मृत्युपत्र करावं. साधा कागद, दोन साक्षीदारांच्या सह्या. नोंदणी सक्तीची नाही, केली तर बरं. बँकेत नॉमिनी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, नॉमिनीला पैसे हातात मिळतात, मालकी वारसांचीच राहते.

मदतीबद्दल विचारलंत. सरकारला धंदा घरचा आहे की नाही याच्याशी देणंघेणं नाही, तो केवढा आहे याच्याशी आहे. उद्यम, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आहे, फुकट आहे. कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल दहा कोटींपर्यंत असेल तर तो सूक्ष्म उद्योग, म्हणजे तुम्ही त्यात आरामात बसता. तुम्ही माल तयार करता, नुसता विकत नाही, म्हणून लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्याचं ४५ दिवसांचं संरक्षणही तुम्हाला आहे: लेखी करार असला तरी खरेदीदारानं ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५. थकवले तर रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’च्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. हॉटेलांची आणि मोठ्या दुकानांची उधारी अडकली असेल तर याच कायद्याखालच्या सुलभीकरण परिषदेकडे ऑनलाइन तक्रार करता येते. निव्वळ दुकानदारांनी मात्र लक्षात घ्यावं, व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते पण तिचा उपयोग बँकेच्या प्राधान्य कर्जापुरता. ४५ दिवसांचा हक्क त्यांना नाही.

मशीनसाठी सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत पात्र खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, कर्जाशी जोडलेलं अनुदान आहे. एका कुटुंबातून एकालाच. योजना अजून चालू आहे का हे तालुका कृषी कार्यालयात विचारूनच पुढे जा. आणि क्रम महत्त्वाचा: फर्म आधी, मग तिचं पॅन, जीएसटी, परवाना, उद्यम, मग कर्ज. सासऱ्यांच्या नावावर कर्ज-अनुदान घेऊन सहा महिन्यांनी फर्म केलीत तर सगळे कागद पुन्हा फिरवावे लागतील.

राहिले सासरे. “आपण काय परके आहोत का” याला वकिलाचं उत्तर नसतं, तेव्हा कलमं घेऊन त्यांच्यासमोर बसू नका. ते अडत्याकडून पोतं घेतात तेव्हा काटापट्टी मागतात की नाही? तोच अडत्या त्यांच्या घरच्या लग्नाला येतो, ताटाला ताट लावून जेवतो, तरी मागतात. त्या पट्टीमुळे वाद होत नाही म्हणून तर दोस्ती टिकली. हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही, फक्त आठवण करून द्यायची. आणि हंगामात विषय काढू नका. मेअखेर डंकाची गर्दी ओसरली, पहिला पाऊस पडला की काढा. सुरुवात तुमच्या हिस्स्यापासून नको, काकांपासून करा: “मामंजी, तुमच्यामागे काकांना या धंद्यात काहीच राहत नाही, हे तुम्हाला चालेल का?” माझा अंदाज आहे, ते चालणार नाही म्हणतील.

ही पहिली बैठक मिस्टरांनी बोलवावी, पण काका आणि चुलत दीर दोघंही असू देत, आणि करारपत्राचा मसुदा काकांनी त्यांच्या स्वतःच्या वकिलाला दाखवावा. दोन-पाच हजार जास्त जातील, जाऊ देत. ज्यांच्या घरी किराणा आहे, गिरणी आहे, खानावळ आहे किंवा छापखाना आहे त्यांनाही हेच लागू. फक्त मालक एकटा असेल आणि बाकी कुणी राबत नसेल तर भागीदारीची घाई नको, नीट केलेलं मृत्युपत्र पुरतं.

आत्यांना फोन मात्र तुम्ही करू नका, मिस्टरांनीही नाही. तो सासऱ्यांनीच करावा, बैठकीच्या आधी, आणि त्यात सहीचा विषय काढू नये. प्रॉपर्टी कार्डावर तिघांची नावं लावतोय, एवढंच सांगावं.